तिच्यापुरत्या नळ्या

लग्नानंतरची पहिली अठ्ठावीस वर्षं मला कुणी विचारलं असतं की तुमच्या बायकोला खायला काय आवडतं, तर मी लगेच सांगितलं असतं, "तिला काहीही चालतं." आणि हे मी तिचं कौतुक म्हणून सांगितलं असतं. पाहुण्यांत दोनचारदा सांगितलंही आहे. ज्या माणसाला काहीही चालतं त्याला खरं काय आवडतं हे कुणी विचारलेलंच नसतं, एवढी साधी गोष्ट डोक्यात शिरायला मला बासष्ट वर्षांचं व्हावं लागलं आणि हातात झारा घेऊन ओट्यापुढे उभं राहावं लागलं.

माझा स्वभाव आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं लपवाछपवी नको. जेवणाच्या बाबतीत मी तापट. शिवी कधी दिली नाही, ताट भिरकावलं नाही, आवाजही फारसा चढवला नाही. भाकरी गार असली की मी ताट चार बोटं पुढे सरकवायचो. बस. तेवढ्यानं घरात कळायचं. ही माझ्या वडिलांची सवय, आमच्या गावच्या, कळंबच्या घरातली. वाटण्यांमध्ये विहिरीजवळचं रान धाकट्या भावाकडे गेलं आणि ही सवय माझ्याकडे आली.

गरम खाण्याच्या हट्टाला माझ्याकडे कारणही होतं. मी विज्ञानाचा शिक्षक. नोकरी इंदापूर तालुक्यातल्या एका हायस्कुलात आणि राहायला बारामतीत, जळोचीला. सकाळी साडेसहाची एसटी, पिशवीत डबा. मुलांना उष्णतेचा धडा शिकवायचो आणि मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत बसून गार भाकरी चावायचो. मग घरी तरी गरम नको का? हा प्रश्न मी बायकोला किती वेळा विचारला असेल त्याला गणती नाही. ती तव्यावरची भाकरी उलटता उलटता म्हणायची, "व्हय की." माझं झाल्यावर ती काय खाते, ते गरम असतं का, हे विचारायचं राहून गेलं. राहून गेलं असं तरी कसं म्हणू? सुचलंच नाही.

कळंबला आम्ही अकरा माणसं एका चुलीवर जेवायचो. आधी पुरुष आणि पोरं, मग बायका, आणि बायकांतही जी भाकरी थापते ती सगळ्यात शेवटी. एवढ्या माणसांत त्याला काहीतरी अर्थ असेल. पण आम्ही जळोचीला प्लॉट घेऊन घर बांधलं तेव्हा घरात मी, बायको आणि मुलगी. मुलगी माझ्या शेजारी बसायची. पुढं ती शिकायला पुण्याला गेली, तिथंच नोकरीला लागली, आणि घरात उरलो आम्ही दोघं. तरी जेवणाची रीत तीच. माणसं दोन आणि पंगती दोन. मी टेबलाशी, ती तव्याशी. एक भाकरी संपत आली की दुसरी टम्म फुगलेली थेट ताटात. माझं हात धुणं झालं की ती ओट्याला टेकून उरलेलं खायची. घरात चार खुर्च्या होत्या. जेवायला त्यातल्या एकीवरही मी तिला बसलेलं पाहिलं नव्हतं, आणि त्याचं मला काही वाटलं नव्हतं.

सहा वर्षांपूर्वी मुलगी दिवाळीला आली ती पास्त्याची दोन पाकिटं घेऊन. त्याच सुमारास भावानं कळंबला शेडनेट उभं करून त्यात ब्रोकोली आणि झुकिनी लावली होती. माल पुण्याला जायचा. जो वाकडातिकडा निघेल तो म्हशीपुढे, आणि म्हशीही नको म्हणतील तो पिशवी भरून आमच्याकडे. ब्रोकोलीला तो हिरवा फ्लॉवर म्हणायचा आणि झुकिनीला परदेशी दोडका. आमच्या घरीही त्या पिशवीकडे सगळे संशयानंच बघायचे. मुलीनं त्यातलंच निवडून घेतलं, थोडा पालक आणि मटार त्यात घातले, लसूण तेलात परतला आणि वर लिंबू पिळलं. बोटाएवढ्या तिरक्या कापलेल्या नळ्या, सगळीकडून हिरव्या. मसाला नाही, रस्सा नाही, लाल रंगाचा ठिपका नाही.

तिनं तीन ताटं वाढली आणि आईला म्हणाली, "आई, तू पण बस. हे गरम गरमच खायचं असतं. थांबलं की चिकट होतं."

मी ताटाकडे बघितलं आणि म्हणालो, "हे काय, आजारी माणसाचं जेवण?" एकही नळी तोंडात न घालता ताट चार बोटं पुढे सरकवलं.

बायको खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून बसायच्या बेतात होती. ती तशीच वळली आणि पिठाचा डबा काढला. मुलगी म्हणाली, "बाबा, एक दिवस." मी म्हणालो, "तुम्ही खा की. मला पिठलं-भाकरी चालेल." जणू पिठलं-भाकरी आपोआप होते. अर्ध्या तासानं मी जेवून उठलो तेव्हा मुलगी रागानं बाहेरच्या खोलीत बसली होती आणि बायको ओट्याशी उभी राहून गार नळ्या खात होती. एक खाल्ली, दुसरी खाल्ली, मग थांबून ताटाकडे बघितलं. नंतर म्हणाली, "चांगलं लागतंय की गं हे."

इतक्या वर्षांत तिच्या तोंडून एखाद्या खाण्याला चांगलं म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. माझ्या भाकरीला ती 'झालीय का बरी?' एवढंच विचारायची.

मग हे सुरू झालं. महिन्यातून दोनदा, कधी तीनदा, ती म्हणायची, "आज मी माझ्यापुरत्या नळ्या करते." पास्ता हा शब्द तिच्या तोंडात कधी बसला नाही. मूठभर नळ्या, भावाच्या पिशवीतलं हिरवं काहीतरी, चार पाकळ्या लसूण. ते आधी करून झाकून ठेवायची आणि मग माझ्या भाकऱ्यांना लागायची. एकदा मी झाकण काढून त्यातली एक नळी खाल्ली. तासाभरापूर्वीची होती. "रबर आहे हे," मी म्हणालो. "गांडुळं बरी." ती हसली. मला वाटलं विनोद जमला. त्यानंतर तो मी बऱ्याचदा केला, पाहुण्यांसमोरही. पाहुणे हसायचे, ती पण हसायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सांडशी घेऊन माझी भाकरी तव्यावर शेकायची.

आता जे सांगायचं आहे ते सांगायला मला अवघड जातंय. तीन वर्षांपूर्वी मी आणि भाऊ नरसिंहपूरला दर्शनाला गेलो होतो. आमचं कुलदैवत ते. मी निवृत्त झालेलो, भावाची जीप होती, संध्याकाळपर्यंत येतो असं घरी सांगून निघालो. पण भावाला शेडनेटमधल्या फवारणीचं औषध बारामतीतून घ्यायचं होतं, म्हणून तिथल्या नद्यांच्या संगमावर न रेंगाळता आम्ही एकच्या सुमारास जळोचीला पोचलो. दार लोटलेलं होतं. आम्ही आत गेलो.

बायको टेबलाशी बसली होती. खुर्चीवर. समोर ताट, ताटात नळ्या, आणि त्यातून वाफ येत होती. शेजारी पाण्याचा तांब्या. खिडकी उघडून, केस सोडून, एकटीच निवांत बसली होती. चमचा नुकताच भरून घेतला होता तिनं. आम्हाला बघून तो ताटात ठेवला आणि शाळेत उशिरा आलेली मुलगी उभी राहते तशी उठली.

"आलासा व्हय? लवकर आला," ती म्हणाली आणि ताटावर दुसरं ताट पालथं घातलं.

भाऊ माझ्याहून कमी शिकलेला. त्यानं चप्पल काढता काढता ते बघितलं आणि म्हणाला, "वैनी, तुमी खाऊन घ्या की आधी. आमी काय पळून चाललो न्हाय."

ती माझ्याकडे बघायला लागली. मला भूक लागली होती, ऊन लागलं होतं, हे खरं. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी मला या कशाचीच आठवण नव्हती. मी फक्त नेहमीचं बोललो.

"ती खाईल मागनं. चहा टाक आधी, आणि भाकरी कर दोघांना."

भाऊ म्हणाला, "दादा, अरं..." थोरल्या भावाला त्याच्या घरात काय सांगणार? तिनं केस बांधले, चहा ठेवला, पीठ मळलं. आम्ही जेवलो, भाऊ भाकरी फार चांगली झाली म्हणून दोनदा बोलला आणि औषधाच्या दुकानाकडे गेला. मी आडवा झालो. तीनच्या पुढे पाणी प्यायला उठलो तेव्हा ती ओट्याशी उभी राहून, बोटांनी एकेक नळी सुटी करत खात होती. मी पाणी प्यालो आणि पुन्हा झोपलो.

त्या दिवशी मी तिला एक घास खाऊ दिला नाही. पाच मिनिटं लागली असती. ती पाच मिनिटं माझ्याकडे नव्हती, आणि त्यानंतर मी दीड तास झोपलो. याबद्दल आम्ही कधी बोललो नाही. तिच्या लक्षातही नसेल, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. तिच्या लक्षात नसेल तर ते आणखीनच वाईट, हे मला अलीकडे कळायला लागलं आहे.

गेल्या महिन्यात तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी काळा चष्मा दिला, थेंब दिले आणि काही दिवस गॅसजवळ जायचं नाही, वाफ, फोडणी डोळ्याला नको असं बजावलं. ती लगेच म्हणाली, "मग ह्यांच्या जेवणाचं कसं?" डॉक्टर हसले. मला हसू आलं नाही.

पहिले तीन दिवस कळंबहून भावजयीनं डबा पाठवला. भाकरी, भाजी, सगळं गार. आम्ही दोघांनी खाल्लं. म्हणजे मी खाल्लं, मग तिनं. चौथ्या दिवशी मी डबा नको म्हणून फोन केला. भावानं पाठवलेली पिशवी फ्रिजमध्ये होती आणि फडताळात नळ्यांचं अर्धं पाकीट. मला भाकरी थापता येत नाही, पोळी तर नाहीच. पण नळ्या उकळायच्या आणि भाज्या परतायच्या, एवढं येईल असं वाटलं. आणि दुसरंही काहीतरी मनात होतं. ते मी फोनवर मुलीलाही सांगितलं नाही.

मुलगी ऑफिसात होती. मी काय करणार आहे हे तिनं दोनदा विचारून घेतलं. मग एकेक सांगत गेली. "पातेलं मोठं घ्या बाबा. पाणी खळाखळा उकळलं की मीठ, मग नळ्या. ब्रोकोलीचे तुरे शेवटची तीन मिनिटं त्याच पाण्यात. आणि ते पाणी सगळं ओतून टाकू नका, वाटीभर ठेवा." मी वहीत लिहून घेतलं, साहित्य, कृती, काळजी, प्रयोगवहीसारखं. शेवटी ती म्हणाली, "आणि आईला आधी बोलावून बसवा. झालं की लगेच वाढा. थांबलं की..."

"चिकट होतं," मी म्हणालो. "माहीत आहे."

झुकिनीच्या चकत्या जाडबारीक झाल्या. पहिला लसूण जळला, तो टाकून दुसरा घेतला. बायको बाहेरच्या खोलीतून विचारत होती, "काय जळतंय? मी येऊ का?" मी म्हणत होतो, "येऊ नकोस." पालक कढईत पडल्यावर एवढा मोठा ढीग एवढासा झाला, ते बघून मला उगाच वाईट वाटलं. मग चाळणीत नळ्या गाळल्या, वाफेनं चष्मा पांढरा झाला, सगळं कढईत एकत्र केलं, वाटीतलं पाणी घातलं, लिंबू पिळलं. मीठ बघायला म्हणून एक नळी तोंडात घातली.

आणि तिथंच उभा राहिलो. मऊ होती, आतून किंचित टणक, लसणाचा वास तोंडभर, पालकाचा गोडवा, लिंबू. हे रबर नव्हतं. मी पाच-सहा वर्षं ज्याची टिंगल केली ते हे नव्हतंच. मी गार झालेल्या नळ्यांची टिंगल केली होती, आणि त्या गार झाल्या होत्या माझ्या भाकरीसाठी. मग लक्षात आलं की तिनं तरी ही चव कधी घेतली? मुलीनं केल्या तेव्हा ती पिठल्याला उठली. स्वतः केल्या तेव्हा झाकून ठेवल्या. एकदाच, एकदाच ती गरम ताट घेऊन बसली होती, आणि तेव्हा मी दारात उभा होतो. तिला या जगात एकच पदार्थ आवडला आणि तो तिनं एकदाही जसा असतो तसा खाल्ला नव्हता. मला रडू आलं. ओट्यापुढे, हातात झारा घेऊन, बासष्ट वर्षांचा माणूस. बाहेरून आवाज आला, "झालं का वो?"

मी डोळे पुसले आणि तिला हाक मारली. ती काळा चष्मा लावून भिंतीला हात धरत आली आणि सवयीनं ओट्याशी जाऊन उभी राहिली. मी तिला दंडाला धरून टेबलाशी आणलं, खुर्ची ओढली. ती बसली, पण कडेला, उठायच्या तयारीत. मी तिच्यापुढं ताट ठेवलं. वाफ सरळ वर जात होती.

"नळ्या?" ती म्हणाली. "तुमी केल्या?"

"हो. खा."

"तुमचं वाढून घ्या की आधी."

"आधी तू. गरम आहेत तोवर खा."

तिनं चमचा भरला. मी समोर उभा राहिलो, निकाल लागायच्या दिवशी पोरं उभी राहतात तसा. तिनं घास तोंडात घातला आणि एकदम तोंड उघडून हाताचा पंखा हलवायला लागली. चष्म्याखालून पाणी आलं. मी घाबरून तांब्या पुढं केला. तिनं घोटभर पाणी घेतलं, घास कसाबसा गिळला आणि हसत हसत म्हणाली, "बाई! एवढं गरम कसं खाता वो तुमी?"

मग ताट चार बोटं पुढे सरकवलं.

तिच्या मनात राग नव्हता, काही नव्हतं. माझं ताट मात्र आयुष्यभर रागानं सरकलं, म्हणून मी दचकलो. "राहू द्या जरा," ती म्हणाली. "मला गरम सोसत न्हाय आता. निवलं की खाते. तुमी बसा, घ्या, तुमचं गार व्हईल."

ज्या बाईनं चौतीस वर्षं मला तव्यावरची भाकरी वाढली, तिच्या जिभेला गरम सोसत नाही. हे कुण्या आजारानं झालेलं नाही, म्हातारपणानं नाही. हे मी केलं. रोज थोडं थोडं केलं, सकाळ-संध्याकाळ. आणि आता दुरुस्त करायला गेलो तर तिचं तोंड भाजलं.

मी माझं ताट वाढून घेतलं, तिच्या समोर बसलो आणि दोन्ही ताटांवर झाकणं ठेवली.

"का वो? बिघडलं का?"

"नाही. थांबतो."

"अवो, गार झालं की तुमाला रबर लागतं."

"लागू दे."

तिला ते काही बरं वाटलं नाही. दोनदा उठायला लागली, चटणी आणू का, दही आणू का. मी दोनदा बस म्हणालो. बाहेर रस्त्यानं उसाची ट्रॉली गेली, खिडकीच्या काचा हलल्या. आम्ही एकमेकांसमोर, मधे दोन झाकलेली ताटं, असे बसून राहिलो. जेवायच्या वेळी बोलायची आम्हाला सवय नव्हती. मी म्हणालो, "त्या दिवशी, नरसिंहपूरहून आलो तेव्हा, तुला जेवू द्यायला पाहिजे होतं मी."

"कवा?" ती म्हणाली.

मी सांगितलं. ती विचार करत राहिली, मग मान हलवली. "न्हाय आठवत. असं कितीदा झालं असंल."

पंधरा-वीस मिनिटांनी तिनं ताटावरचं झाकण काढलं, बोट टेकवून बघितलं आणि म्हणाली, "झालं आता." तांब्यातलं चमचाभर पाणी ताटात घातलं आणि एकमेकींना चिकटलेल्या नळ्या बोटांनी अलगद सुट्या केल्या. काळ्या चष्म्यातून तिला धड दिसतही नव्हतं, तरी एकही तुटली नाही. माझ्या ताटातल्याही तिनंच सोडवून दिल्या. मग पहिला घास घेतला, हळूहळू चावला.

"मस्त झाल्यात," ती म्हणाली.

मीही एक तोंडात घातली. रबर होती नुसती. ती मात्र मन लावून खात होती.